साडेपाचनंतरचं गिरणगाव

परळचं दामोदर नाट्यगृह १ नोव्हेंबर २०२३पासून पुनर्विकासासाठी बंद झालं. १९२२ साली उभं राहिलेलं हे थिएटर शंभरी ओलांडून पुढे गेलं होतं, डागडुजीला आलं होतं, हे मला मान्य आहे. रंगकर्मींनी आंदोलन केलं. वर्तमानपत्रांत काही दिवस बातम्या आल्या. मी वाचल्या त्या बातम्यांत जागा कुणाची, नवं थिएटर कुठे होणार, खुर्च्या किती राहणार, याचीच चर्चा होती. ती व्हायलाच हवी. पण मला आणखी एक प्रश्न छळतो आणि तो कुणी विचारताना दिसत नाही. नवं थिएटर उद्या बांधून झालं तरी मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी तिथे तालमीला, प्रयोगाला नोकरी करणारा माणूस येणार कुठून? त्याच्याकडे संध्याकाळ उरली आहे का?

हे मी बँकेतून निवृत्त झालेली एक कारकून म्हणून विचारते. नाटकाने मला कधी पोसलं नाही, मी नाटकाला थोडंफार पोसलं असेन. आणि जे दिलं ते साडेपाचनंतर दिलं.

१९८० साली मी बँकेत लागले. शाखा लालबागची, राहायला डोंबिवलीत. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, १९८०च्या एप्रिलमध्ये आणखी सहा बँका सरकारी झाल्या. लेखी परीक्षा देऊन, कुणाची चिठ्ठी न घेता नोकरी मिळवणाऱ्या मुलींची आमची पिढी. घरी आई सोडता कुणाला वाटलं नव्हतं की मी हे करीन.

काम काय होतं ते आज सांगावं लागतं, कारण ते पूर्ण पुसलं गेलं आहे. माझ्याकडे सेव्हिंग्जचं काउंटर. मांडीएवढी जाड लेजरं, प्रत्येक खात्याचं एक पान. खातेदार स्लिप देई, मी सही पडताळून लेजरमध्ये नावे टाकी, त्याला पितळी टोकन देई, व्हाउचर ऑफिसरकडे जाई, तिथून कॅशियरकडे. दुपारी काउंटर बंद झालं की बाहेरच्यांना वाटे यांची सुट्टी झाली. खरं काम तिथून सुरू होई. कॅश पैशापर्यंत जुळायला हवी. डे बुक लिहून व्हायला हवं. महिन्यातून एकदा लेजरचं बॅलन्सिंग, म्हणजे प्रत्येक पानावरची शिल्लक उतरवून बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरशी जुळवायची. जुळली नाही की फरकाला नऊने भाग जातो का बघायचं. गेला तर कुणीतरी ६३चे ३६ लिहिले आहेत. दोनने गेला तर जमेची रक्कम नावे पडली आहे का ते बघायचं. सेव्हिंग्जवर वर्षाला ५ टक्के व्याज, तेसुद्धा दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर. ही पद्धत २०१०च्या मार्चपर्यंत चालली, मगच रोजच्या शिलकीवर व्याज मिळू लागलं. जूनअखेर आणि डिसेंबरअखेर हजारो खात्यांचं व्याज हाताने काढायचं, आणि तेव्हा मात्र रात्र होई. बटाटेवड्यांचे पुडे येत, ओव्हरटाइम मिळे, शेवटची बेरीज जुळली की सगळी शाखा ओरडे.

एवढा तपशील मुद्दाम दिला. कारण त्या काळातल्या सरकारी बँकवाल्यांना एक शिक्का कायमचा मारला गेला आहे: यांना काम नको, यांना संप हवेत आणि नाटकं हवीत. अग्रलेखांतून, व्यंगचित्रांतून, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या व्यापाऱ्याच्या तोंडून मी हे ऐकलं. माझं त्यावरचं उत्तर चाळीस वर्षं पोटात आहे, आज देते. आमच्या शाखेत कॅश जुळल्याशिवाय तालीम कधीही सुरू झाली नाही. आमचा दिग्दर्शक स्वतः हेड कॅशियर होता. सव्वापाचला तिजोरी बंद होई, साडेपाचला टेबलं भिंतीला लागत. ज्या माणसाला एका पैशाचा फरक सहन होत नसे त्याला तालमीत एका वाक्याची गाळसाळही सहन होत नसे. कामाची शिस्त नाटकात आली आणि नाटकाची काउंटरवर. पार्टनरशी बोलताना त्याच्या डोळ्यांत बघायला तालमीत शिकले, आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर अंगठा उठवायला आलेल्या म्हाताऱ्याशी तशीच बोलले.

आणि हे आमच्या एका शाखेचं नव्हतं. रत्नाकर मतकरींनी १९७८पर्यंत बँक ऑफ इंडियात नोकरी केली आणि ती करत असतानाच मुलांचं, मोठ्यांचं रंगमंचावरचं एवढं काम उभं केलं. अमोल पालेकरही त्याच बँकेतले. अशोक सराफ स्टेट बँकेतले. ‘वस्त्रहरण’ लिहिणारे गंगाराम गवाणकर टेलिफोन खात्यातले. मालवणी बोली व्यावसायिक रंगभूमीवर राज्य करू शकते हे १९८० साली साऱ्या महाराष्ट्राला कळलं, ते एका नोकरदाराने लिहिलेल्या नाटकामुळे. या सगळ्यांची नोकरी रात्री नऊपर्यंत चालली असती, घरी गेल्यावरही साहेबाचा निरोप येत राहिला असता, तर यांतलं काय झालं असतं? मला वाटतं, फार थोडं.

आमची मजल अर्थात आंतरबँक एकांकिका स्पर्धेपर्यंत. तालमी शाखेतच. मॅनेजरची केबिन ही उजवी विंग, रेकॉर्ड रूमचं दार ही डावी. आमच्यातला सगळ्यांत चांगला नट आमचा शिपाई होता, राजापूरकडचा, लहानपणापासून गावच्या नमनात नाचलेला. त्याच्या आवाजाला माइक लागत नसे. एका वर्षी तो सावकार होता आणि आमचे सबमॅनेजर त्याचं कूळ. तालमीत तो त्यांना अरे-तुरे करी, सकाळी चहा आणून ठेवताना साहेब म्हणे, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. त्या दोन तासांत शाखेतली उतरंड मोडून नव्याने मांडली जाई. कुणाला किती येतं एवढाच हिशोब. तसा हिशोब नंतर मला कोणत्याही ट्रेनिंग सेंटरमध्ये दिसला नाही.

बायकांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. स्पर्धांच्या जगात ‘स्त्रीपात्रविरहित एकांकिका’ हा एक मोठा प्रकार होता. बायका मिळत नाहीत म्हणून बायका नसलेली नाटकं लिहिली जात, शोधली जात. गिरण्यांचे कामगार तर मानधन देऊन बाहेरून नटी आणत; ती शेवटच्या दोन-तीन तालमींना येई. आमच्या शाखेत आम्ही तिघी होतो, त्यामुळे आमची नाटकं निवडताना हात मोकळा असे. पण संध्याकाळ पुरुषाला आपोआप मिळे, आम्हाला ती घरातून मागून घ्यावी लागे. माझं लग्न १९८३चं. सासूबाई देवगडकडच्या, माहेरी दशावतारावर वाढलेल्या. त्यांनी पहिल्याच वर्षी सांगितलं, ‘तालीम असली की सकाळी सांगून जा, मी कुकर लावीन.’ त्यांच्या या एका वाक्यावर माझी सात-आठ वर्षं उभी आहेत. आमच्यातल्या तिसरीला असं कुणी म्हणालं नाही. ती तिघींत सगळ्यांत चांगली होती आणि तिने एकच एकांकिका केली.

पाठांतर लोकलच्या बायकांच्या डब्यात होई. समोरच्या बाकावरची पडवळ चिरी, शेजारची मेथी निवडी, आणि माझी वही आणखी एकीच्या हातात, ती प्रॉम्प्टर. दिवा येईपर्यंत एक प्रवेश व्हायचा. स्पर्धेच्या आठवड्यात माझं नाटक साऱ्या ग्रुपला पाठ झालेलं असे आणि माझ्या नवऱ्याचं काम कोण इतकं वाईट करतो याची चौकशी होई. दामोदरला प्रयोग असला की त्यांतल्या दोघी-तिघी बघायला थांबत. प्रयोग संपून मेकअप उतरवून परळ स्टेशन गाठायला उशीर होई. शाखेतले पुरुष आम्हाला दादरला फास्ट गाडीत बसवून, मगच आपापल्या वाटेला लागत.

दामोदरला आम्ही चालत जायचो. शाखेतून बाहेर पडून आंबेडकर रोडने, भारतमाता टॉकीज मागे टाकून परळकडे. त्या रस्त्याला संध्याकाळी गिरणी कामगारांची गर्दी असे. गिरणीतले लोकही नाटक करत, आणि त्यांची तालीम आमच्यापेक्षा कितीतरी अवघड. तीन पाळ्या. नायक पहिल्या पाळीत, खलनायक दुसऱ्या पाळीत. मग कुणी बदली टाकी, कुणी जॉबरला विनवी, नाहीतर तालीम रात्री साडेबाराला खोलीच्या गॅलरीत. कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धेत ही मंडळी उतरत आणि आम्हा पांढरपेशांची भंबेरी उडवीत. आमच्या उच्चारांत सफाई होती, त्यांच्या आवाजात ताकद. साचेखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला आवाज चढवायला शिकवावं लागत नाही; मागांच्या खडखडाटात तो रोज तेच करत असतो.

यांतले बरेचसे आमचे खातेदार. पाच-पाच रुपयांवर उघडलेली खाती. खाणावळी चालवणाऱ्या बायकाही यायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यानंतर या बायकांना सरकारी बँकांचं कर्ज मिळू लागलं. त्याआधी वाणी आणि सावकार हेच त्यांचे बँकर होते. कर्जाचा हप्ता भरायला आलेली बाई टोकन हातात घट्ट धरून बसे. आमच्या नाटकाची तिकिटं सगळ्यांत आधी त्याच घेत. पैसे देऊन, उधारी नाही.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी पाहिला तो लेजरच्या पानांवर. पहिले दोन महिने शिलकी हलल्या नाहीत. मग पन्नास-पन्नास रुपये निघू लागले. मेअखेर शाळा उघडायच्या आधी रांगा लागल्या, सगळ्या काढणाऱ्यांच्या. ठेवी मुदतीआधी मोडल्या जाऊ लागल्या. दिवाळीपर्यंत माझ्या लेजरमधली पानामागून पानं पाच रुपयांवर येऊन थांबली होती. खाणावळवाल्या बायकांचे हप्ते थकले, कारण त्यांचे जेवणारे गावाला गेले होते. आमच्या ओळखीच्या गिरणीतल्या चमूने त्या वर्षी नाटक बसवलं नाही. त्यांचा लेखक-दिग्दर्शक खातं बंद करायला आला तेव्हा म्हणाला, ‘बाई, वेळच वेळ हाय आता, पण तालमीला कोन येनार?’ त्याचं ते बोलणं मी विसरू शकत नाही. मोकळा वेळ आणि संध्याकाळ या वेगवेगळ्या गोष्टी असतात. संध्याकाळच्या मागे दिवसभराचं काम आणि महिन्याचा पगार उभा असावा लागतो. आमच्याकडे दोन्ही होतं. त्यांच्याकडचं दोन्ही गेलं. तो संप रीतसर मिटलाच नाही आणि गिरण्यांतले लाखभर लोक पुन्हा कामावर आलेच नाहीत.

त्या वर्षीही आम्ही स्पर्धेत उतरलो. उतरावं की नाही यावर शाखेत वाद झाला होता. उतरलो हे बरं केलं असं मी आजही म्हणते.

नाटकाखेरीज दिवाळी अंक. दसऱ्याच्या सुमाराला वर्गणी निघे. ‘मौज’, ‘दीपावली’, ‘हंस’, ‘किस्त्रीम’, ‘आवाज’, ‘धनंजय’ असे चाळीसेक अंक शाखेत येत आणि त्यांचं रजिस्टर ठेवलं जाई, लेजरच्या शिस्तीत. नाव, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. ‘आवाज’साठी प्रतीक्षायादी, त्यातली खिडकीची चित्रं दुसऱ्याने आधी उघडून बघितली की उरलेल्यांचा विरस होई. एकेक अंक मार्चपर्यंत फिरे आणि जेवणाच्या सुट्टीत त्यावर भांडणं होत. जी. एं.ची कथा समजली नाही असं एका क्लिअरिंगवाल्याने म्हटलं तर दुसऱ्याने डब्यातली पोळी बाजूला ठेवून ती उलगडून सांगितलेली मी ऐकली आहे. पावसाळ्यात पुरुषमंडळी कांगा लीगच्या चिखलातल्या क्रिकेट मॅचेस बघायला जात, मला त्यात गती नव्हती. दूरदर्शन होतंच. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी, ‘गजरा’, ‘चिमणराव’. १९८७च्या जानेवारीत रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारची तालीम अकराला ढकलावी लागली. एवढाच त्याचा उपद्रव.

नव्वदनंतरच्या वर्षांबद्दल मला फारसं सांगण्यासारखं नाही. बदली झाली, पुन्हा बदली झाली, मुलगा दहावीला आला. मशीन आली. १९८३ साली संघटनांशी झालेल्या करारानंतर त्यांची वाट मोकळी झालीच होती. आधी लेजर पोस्टिंगची, मग कॉम्प्युटर, मग सगळ्या शाखा एका जाळ्यात. मशीनबद्दल माझी तक्रार नाही. हजारो खात्यांचं व्याज हाताने काढलेली बाई मशीनला नावं ठेवणार नाही. माझी तक्रार आमच्या संघटनांशी आहे. मशीन किती आणि कुठे यावर त्या वर्षानुवर्षं लढल्या, पण मशीनमुळे वाचलेला वेळ कुणाचा, हे विचारायचं राहून गेलं. २०००-०१मध्ये स्वेच्छानिवृत्ती आली, देशभरात लाखाच्या आसपास लोक सरकारी बँका सोडून गेले. आमच्या नाटकाचं निम्मं मंडळ त्यात गेलं. रकमांचे हिशोब झाले, निरोपाचे पेढे झाले. जे मागे राहिले त्यांच्या टेबलावर जाणाऱ्यांचं काम आलं आणि साडेपाचचे सात वाजले. सातचे साडेआठ कधी झाले ते कुठल्याही परिपत्रकात सापडणार नाही. लेखी काहीच बदललं नाही, म्हणून लढायला समोर कुणी उभं नव्हतं.

शाखेतली करमणुकीची खोली गेली ती याच वर्षांत. कॅरम, बुद्धिबळ, कपाटात नाटकांच्या संहिता, भिंतीवर ढाली. एका मॅनेजरने ती रिकामी करायला सांगितली आणि तिथे ए.सी. लावून मोठ्या ठेवीदारांना बसवायची सोय केली. संहिता रद्दीत गेल्या. त्यांतल्या काही हाताने लिहिलेल्या होत्या, गिरणीतल्या त्या लेखकाच्या. त्याचं नाव कुठे छापून आलेलं नाही. मी त्या वेळी दुसऱ्या शाखेत होते, मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्या मॅनेजरला पुढे बढती मिळाली.

माझी भाची आता बँकेत आहे. हुशार आहे, आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत बक्षीस घेतलेली आहे. तिच्या शाखेत आमच्या वेळच्या निम्मीही माणसं नाहीत. सकाळी घरातून निघण्याआधी फोनवर दिवसाचं टार्गेट येतं, इतक्या विमा पॉलिस्या, इतकी कार्डं. रात्री त्याचा हिशोब द्यावा लागतो, तोही फोनवर. पेन्शन काढायला आलेल्या म्हाताऱ्याला पॉलिसी विकावी लागते आणि ते तिला रुचत नाही. ती घरी नऊला येते. मी तिला नाटकाबद्दल विचारते तेव्हा ती म्हणते, ‘मावशी, रविवारी झोपते गं मी.’ तिला आळशी म्हणायची हिंमत कुणी करू नये, माझ्यासमोर तर नाहीच.

रविवार तरी कुठून आला हे मी तिला सांगितलं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी याच भागातले गिरणी कामगार एकत्र करून, सभा घेऊन, अर्जांमागून अर्ज करून १० जून १८९०ला तो पदरात पाडून घेतला. तो कुणी मेहेरबानी म्हणून दिला नव्हता. आमची साडेपाचची संध्याकाळही अशीच आधीच्यांनी करार करून, पगार कापून घेऊन मिळवलेली होती. आम्हाला ती आयती मिळाली.

सध्या बँक संघटना पाच दिवसांचा आठवडा मागत आहेत. २०१५पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी मिळते, आता उरलेले शनिवारही हवे आहेत. मागणी योग्य आहे, माझा पाठिंबा आहे. पण त्याच्या बदल्यात रोजची मिनिटं वाढवायला संघटना तयार आहेत, आणि इथे मला त्यांच्याशी भांडायचं आहे. शनिवारच्या सुट्टीत कपडे धुऊन होतात, मुलांचा अभ्यास होतो, गावाला जाऊन येता येतं. नाटक शनिवारी बसत नाही. त्याला सहा-सात माणसं लागतात, ती रोज त्याच वेळी, दोन तास, दीड-दोन महिने लागतात. भजनी मंडळालाही तेच लागतं, आणि क्रिकेटच्या नेटलाही. निवृत्तांच्या संघटनेची सभासद म्हणून मी ठराव लिहून दिला आहे: पाच दिवसांच्या मागणीबरोबर साडेपाचची वेळ लेखी मागा, त्यानंतरचे फोन बंद करा, आणि प्रत्येक शाखेत नाही तर निदान प्रत्येक विभागात तालमीला एक खोली परत द्या. पुढच्या सर्वसाधारण सभेत तो मांडायला मी स्वतः उभी राहणार आहे.